पासष्टावा दिवस

गुरुवार, ११ जानेवारी २०२४

अर्लीन बुशार्डच्या हुकमावरून ही वही सुरू करतोय. "विश्वस्त झालास ना? मग काय केलंस, कधी केलंस, ते लिहून ठेव. उद्या कुणी जाब विचारला तर तुझ्या मिश्यांकडे बघून सोडणार नाहीत," म्हणाली. चाळीस वर्षं या गावच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलला, कधी एक ओळ लिहावी लागली नाही. आता एकाहत्तराव्या वर्षी शाळा.

तर लिहितो. माझा मित्र रॉयल टॅट्रो गेल्या मे महिन्यात वारला. मेपलच्या पाकाचा धंदा त्याने आधीच एका कंपनीत घातला होता, कंपनी एका ट्रस्टमध्ये घातली होती, आणि आपल्यामागे ट्रस्टवर मला बसवून गेला. सगळं शेवटी त्याच्या एकुलत्या एका मुलीसाठी, कॉलीनसाठी. ती चौतीस वर्षांची आहे, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. मग तिलाच का नाही बसवलं, असं मी विचारलं होतं. "ती मागायची नाही आणि तू द्यायचा नाहीस. पैसा जागेवर राहील," म्हणाला आणि खोकत हसला.

सकाळी दहाला बुटाच्या खोक्यात सगळे कागद कोंबून अर्लीनच्या दारात गेलो. अख्ख्या ईस्ट हार्लो गावाचे कराचे फॉर्म ती आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरते. दारातच उभी होती, कोट घालून, टोपी घालून, पर्स हातात.

"मर्ट का?" पायरीवर पाय टाकायच्या आत तिने विचारलं.

"बाहेर चालली होतीस का?"

"खोकं किती जड आहे?"

तिच्या हातात दिलं. तिने वजन अजमावलं, सुस्कारा सोडला, कोट काढून खुंटीला लावला आणि बहिणीला फोन केला, की आज यायचं राहू दे. पाहुण्याचा मान ठेवावा तर हिने. कॉफी केली. थोडी कपाबाहेर सांडली, बोलण्याच्या नादात.

मी म्हटलं, कंपनीचा कर कंपनी भरेल, ट्रस्टचा ट्रस्ट भरेल, मला काय करायचंय? ती म्हणाली, "रानात मेपलच्या झाडांना लावलेल्या नळीचा विचार कर. रस नळीतून वाहतो म्हणून तो नळीचा होतो का? बादली कुणाची ते बघायचं. एकाच मालकाची कंपनी म्हणजे नळी. सरकार तिच्याकडे बघतसुद्धा नाही. रॉयल होता तोवर ट्रस्टही नळीच होता, बादली रॉयलची. तो गेला त्या दिवसापासून ट्रस्टच बादली झाला. आता त्याला कराचा स्वतःचा नंबर, स्वतःचा फॉर्म."

वकिलाने याच गोष्टीचे दोन तासांचे पैसे घेतले होते, आणि मला काही कळलं नव्हतं.

मग मला सगळे आकडे मोठ्याने वाचायला लावले. माझ्या हातात कागद, तिच्या हातात पेन्सिल. तिची पद्धतच तशी. "डोळ्यांतून चूक निसटते, कानांतून निसटत नाही," म्हणाली. मनात म्हटलं, बाई आहे की कोण आहे!

मंगळवार, २३ जानेवारी

आज फार वाईट बातमी. रॉयल गेल्यानंतर धंद्यात जे मिळालं ते साधारण एक्केचाळीस हजार डॉलर, आणि मी ते डोळ्यांत तेल घालून राखलं. एक डॉलर हलू दिला नाही. अर्लीनला अभिमानाने सांगितलं.

"तिथेच घोटाळा केलास," ती म्हणाली.

ट्रस्टने पैसा स्वतःजवळ ठेवला तर साडेचौदा हजारांच्या वर सरकार सदतीस टक्के घेतं, वर राज्याचं वेगळं. मिळून सोळा हजार जाणार. तोच पैसा कॉलीनच्या हाती पडला तर ती आपल्या पगाराच्या पायरीने भरेल, सातेक हजार. पाक आटवायच्या भट्टीचा हप्ता, जमिनीची पट्टी आणि वसंतातला खर्च मिळून बत्तीस हजार लागणार आहेत. एक्केचाळीसातून सोळा गेले तर सात कमी पडतात. सात हजार आणायचे कुठून? ते एकच ठिकाण आहे, वरचं रान. लाकूडवाला आठ हजार देतो म्हणून कधीचा घिरट्या घालतोय. रॉयलच्या आज्याने राखलेले मेपल आहेत ते.

"पण वर्ष तर संपलं," मी म्हटलं.

"नव्या वर्षाच्या पहिल्या पासष्ट दिवसांत दिलेला पैसा गेल्या वर्षीच दिला असं धरता येतं. फॉर्मवर एका चौकोनात खूण करायची. सहा मार्च. तीस वर्षं लोकांना सांगत आलेय. सहा मार्च."

कॅलेंडरवर सहा तारखेभोवती लाल गोल काढला. एवढं मोठं सरकार, आणि त्याच्या फॉर्मातला एक चौकोन कुठे आहे ते या बाईला तोंडपाठ. रॉयलने विश्वस्त तिला करायला हवं होतं.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

वाटलं होतं, आता चेक लिहिला की सुटलो. पण अडचण अशी, की पैसा कॉलीनला दिला की तो तिचा. ती तो भट्टीत घालते की घालत नाही, त्यावर माझा काही हक्क नाही. आणि तिच्या घरात ट्रॅव्हिस आहे. लग्न केलेलं नाही, चार वर्षं राहतो. बर्फावर पळवायच्या दोन स्नोमोबाइल बाळगणारा माणूस. शितावरून भाताची परीक्षा.

आज तिच्याकडे गेलो होतो. घरात कुणी नाही. शेडमध्ये डोकावलो तर एकही स्नोमोबाइल नव्हती, उंडारायला घेऊन गेला असणार. त्या जागी निळ्या नळीची नवीकोरी भेंडोळी रचून ठेवलेली, छातीएवढी उंच. एवढ्या नळ्यांचे पैसे कुणी दिले कोण जाणे. मी तर एक डॉलर दिलेला नाही.

परतताना लाकूडवाला भेटला. "ठरलं का म्हातारबुवा?" म्हणाला. नाही म्हणायला हवं होतं. "बघू," म्हणालो. त्याची लाज वाटते आहे म्हणून लिहून ठेवतो.

मंगळवार, २० फेब्रुवारी

घोडं इथे पेंड खातंय. पाकाची पिंपं घाऊक विकत घेणाऱ्याने सगळी रक्कम रॉयलच्याच नावावर, त्याच्याच नंबरावर दाखवली आहे. म्हणजे मेलेल्या माणसाने ऑक्टोबरात पिंपं विकली! त्यांचा कागद बदलून आल्याशिवाय नेमका आकडा नाही, आणि नेमक्या आकड्याशिवाय चेक लिहायचा नाही हा अर्लीनचा नियम.

तिने माझ्यासमोर त्यांना फोन लावला. चाळीस मिनिटं. पाच जणांनी तिला एकमेकांकडे टोलवलं. आवाज एकदाही चढला नाही. शेवटच्या मुलीला म्हणाली, "बाळा, तुझं नाव काय? छान. हे बघ, तू काही चुकलेली नाहीस, पण हे दुरुस्त करणारी तूच असणार आहेस." आणि त्या मुलीने आठवड्याभरात नवा कागद पाठवायचं कबूल केलं. मी असतो तर पहिल्याच मिनिटाला फोन भिंतीवर फेकला असता.

फोनचा नंबर तेवढा मला दाबायला लावला. आकडे फार बारीक छापतात हल्ली.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

आठवडा झाला, कागद आलेला नाही. आज तिला मनातलं सांगून टाकलं. म्हटलं, मी पैसे देतो, आणि त्या ट्रॅव्हिसने ते उडवले तर रॉयलला काय तोंड दाखवू?

अर्लीन टेबलावरचे तुकडे बोटांनी चाचपून गोळा करत होती. म्हणाली, "तुला रॉयलने पैसा राखायला बसवला का पोरीला राखायला?"

"दोन्ही."

"दोन्ही जमणार नाहीत. पैसा राखलास तर रान जाईल. पोरीवर भरवसा ठेवलास तर कदाचित सगळंच राहील, कदाचित सगळंच जाईल. मर्ट, तू कधी बर्फ ढकलताना रस्ता दिसेपर्यंत थांबायचास का?"

"नाही. रस्त्याकडेचे खांब कुठे आहेत ते आठवायचो."

"मग आठव. पोर दहा वर्षांची असताना काय करायची?"

दहा वर्षांची असताना ती शाळेतून सुटली की थेट शुगरहाऊसवर, पाक आटवायच्या खोपटावर, यायची आणि बापाने हाकलेपर्यंत चूल सोडायची नाही. घरी येताना लाकूडवाल्याच्या दारात थांबलो आणि नाही म्हणून सांगितलं.

सोमवार, ४ मार्च

अर्लीनचा फोन. "पिंपंवाल्यांचं पत्र आलंय. परवा नऊला येशील तेव्हा वाच." उद्या गावसभा आहे, गावची ऑडिटर म्हणून तिला अहवाल द्यायचाय. रात्री थंडी, दुपारी ऊन, रस सुटणार. बुधवारी सहा मार्च. एकदाचं पार पडू दे.

मंगळवार, ५ मार्च

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

पहाटे रस धो धो वाहायला लागला असा कॉलीनचा निरोप. सातला वर शुगरहाऊसवर गेलो. रस्ता कडक गोठलेला, गाडी सरसर चढली. कॉलीन भट्टी पेटवत होती, ट्रॅव्हिस लाकडं फोडत होता. मी आपला भिंतीशी उभा राहिलो. त्या भिंतीवर टॅट्रो लोक पेन्सिलीने लिहीत आलेत, कुठल्या साली कुठल्या दिवशी पहिली कढई लागली ते. वाचता वाचता रॉयलच्या अक्षरापाशी आलो: "२०२०. २९ फेब्रुवारी. जादा दिवस, जादा आठ गॅलन."

जादा दिवस.

बोटांवर मोजलं. जानेवारीचे एकतीस, फेब्रुवारीचे या वर्षीसुद्धा एकोणतीस. झाले साठ. आणि पाच. पुन्हा मोजलं. पासष्टावा दिवस उद्या नव्हता. आज होता.

कॉलीनला काही न सांगता गाडीत बसलो. तिथे वर फोन लागत नाही. आणि चाळीस वर्षं तो रस्ता मी सांभाळलाय, मला ठाऊक आहे, अशा उन्हात दुपारी बारानंतर तो गाडी गिळतो. चिखलात आसापर्यंत. म्हणजे अर्लीनला गाठायचं, पत्र वाचायचं, चेक लिहायचा आणि बाराच्या आत परत वर चढायचं.

शाळेच्या हॉलमध्ये दीडशे माणसं. अर्लीन माइकपाशी उभी, हातात कागद नाही, सगळा हिशोब तोंडी. आगीच्या नव्या बंबावर भांडण जुंपलेलं, आणि लोक तिला खोदून खोदून विचारत होते. ती प्रत्येकाला डॉलरपर्यंत उत्तर देत होती. गावाला तिची केवढी जरब! मी चिठ्ठी लिहिली, "आज ५ तारीख, फेब्रु. २९ दिवसांचा, आज ६५ वा दिवस!", आणि पुढे सरकवायला दिली. हातोहात तिच्यापर्यंत गेली. तिने घेतली, जरा समोर धरली, घडी करून खिशात टाकली आणि बंबाच्या टायरांवर बोलायला लागली.

मला इतका राग आला! म्हटलं, एवढा ताठा? चूक दाखवली तर वाचूनसुद्धा न वाचल्यासारखं करायचं?

घड्याळात दहा वाजून वीस. मी उभा राहिलो. "हरकतीचा मुद्दा!"

अध्यक्ष म्हणाले, "मर्ट, बंबावर?"

"नाही, ऑडिटरना एक प्रश्न." सगळ्यांसमोर तिची चूक कशी बोलायची? "विचारायचं एवढंच, की या वर्षी फेब्रुवारीचे दिवस किती धरलेत?"

हॉल हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "मर्ट, तुझा पगार महिन्यावर होता, दिवसावर नाही!"

अर्लीन हसली नाही. तिचे ओठ हलले, मोजत होती. मग माइकमध्ये शांतपणे म्हणाली, "एकोणतीस. चूक माझी आहे. आभारी आहे, मर्ट. अध्यक्षमहाराज, मला जावं लागेल. टायर धरून बंब एकूण तीन लाख बारा हजारांचा आहे, भांडा आता." आणि माझ्या आवाजाच्या दिशेने चालत आली. मी हात धरला, गर्दी होती म्हणून.

तिच्या टेबलावर ते पत्र न फोडलेलं. मी फोडलं, वाचलं. तिने डोळे मिटून वजाबाकी केली. "एक्केचाळीस हजार दोनशे साठ. लिही. तारीख पाच. सही कर, विश्वस्त म्हणून."

गाडीत म्हणाली, "चार वर्षांतून एकदा येणारा दिवस. मी कॅलेंडर बघितलं नाही."

"का नाही बघितलंस?"

"पाठ होतं."

"पाठ असणाऱ्यांचंच असं होतं," मी म्हणालो. ती हसली. माझी चूक झाली की मी आधी दुसऱ्याला शिव्या घालतो. हिने दीडशे माणसांपुढे दोन शब्दांत कबूल केली, आणि मान तशीच ताठ. एवढा मोठेपणा मी या गावात दुसरा पाहिलेला नाही. चिठ्ठीचं मात्र विचारलं नाही. भांडण कशाला उकरा.

अकरा चाळीसला वर पोचलो. शेवटच्या चढावर मागचं चाक बसायला लागलं होतं. आत वाफ इतकी, की माणूस दिसेना. कॉलीनने ॲप्रनला हात पुसले, चेक घेतला, उलटा करून पाहिला.

"मर्टकाका, हे काय?"

"तुझं आहे. सगळं. मला काही विचारू नकोस, आणि मीही तुला विचारणार नाही."

ती ट्रॅव्हिसकडे वळली. "ट्रॅव्ह, भट्टीचा हप्ता किती?"

"अठरा," तो लाकडं सारत म्हणाला. "आणि नळ्यांचं झालंय, ते धरू नको."

"पट्टी सहा, वसंताचा खर्च आठ." मग माझ्याकडे बघून, "सात कराला बाजूला ठेवले तरी पुरतं. काका, वरच्या रानाला आता हात लावायचा नाही ना कुणी?"

मान हलवली.

तिने इथल्या रिवाजाप्रमाणे ताज्या बर्फावर गरम पाक ओतला, लोणच्याची काकडी आणि डोनट काढले. खाऊन झाल्यावर अर्लीन म्हणाली, "भिंतीवर काय लिहिलंय ते वाच ना."

"समोर तर आहे तुझ्या."

"वाफेत चष्म्याचं काय होतं ते ठाऊक नाही का तुला? वाच."

मग वाचलं. एकोणीसशे अडतीसपासून, आज्याचं अक्षर, बापाचं, रॉयलचं. दर साल, दर तारीख. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती, मध्येच हात पुढे करून फळीवरून बोट फिरवायची. शेवटी कॉलीनने पेन्सिल माझ्या हातात दिली. मी लिहिलं, "२०२४. ५ मार्च. पासष्टावा दिवस."

गुरुवार, २१ मार्च

ट्रस्टचा फॉर्म पूर्ण. त्या चौकोनात मी खूण केली, अर्लीनने सांगितलं तिथे. वाटलं, आता माझं काम संपलं. ती म्हणाली, "अजून एकवीस जणांची खोकी आहेत. तुझा आवाज बरा आहे. येत जा." रोज जातो. दाढी करून जातो, हे आपलं वहीपुरतं.

स्नोमोबाइलचा उलगडा झाला. दोन्ही नोव्हेंबरात विकल्या, नळ्यांसाठी. ट्रॅव्हिसच्या लाकडांचा ढीग रचून दिला.

सोमवार, १५ एप्रिल

शेवटचा फॉर्म दुपारी चारला गेला. एकाचीही तारीख चुकली नाही. अर्लीनने पेन्सिल खाली ठेवली, खुर्चीत मागे रेलली आणि म्हणाली, "मर्ट, उद्या मला बर्लिंग्टनला नेशील? बहीण कंटाळली आता."

"नेईन की. कशाला?"

पर्समधून एक कार्ड काढून तिने माझ्यापुढे धरलं. "वेळ काय आहे ते वाच."

डोळ्यांच्या डॉक्टरचं कार्ड. पेनने लिहिलं होतं, १६ एप्रिल, सव्वादहा. मी म्हटलं, नवा चष्मा ना? ती म्हणाली, "चष्म्याचं काम नाही ते. सुई टोचतात. लवकर गेलं तर उरलेलं टिकतं म्हणे." उठून कप विसळायला लागली. वरची एक तारीख खोडलेली होती. खोडलेली असली तरी वाचता येत होती. ११ जानेवारी, पावणेबारा.

"जानेवारीत का नाही गेलीस?"

"जानेवारीत काम फार असतं."

घरी येऊन ही वही पहिल्या पानापर्यंत उलटली. माझंच अक्षर. कोट घालून, टोपी घालून, पर्स हातात. मी विचारलं, बाहेर चालली होतीस का. ती म्हणाली, खोकं किती जड आहे.

कॉफी, फोनचे आकडे, ती चिठ्ठी. तीन महिने मी तिला वाचून दाखवतोय, आणि मला वाटलं ती पद्धत आहे. अख्ख्या गावाची एक तारीख चुकू दिली नाही, आणि स्वतःची माझ्यासाठी चुकवली.

टाकी भरून आणली आहे. उद्या पावणेनवाला तिच्या दारात उभा राहणार. रिकाम्या हातांनी.